माझ्या पोटातला न्यायाधीश

मित्रांनो, मी एक जुना, जाडजूड इंग्रजी ग्रंथ आहे. आधीच सांगून ठेवतो, माझा माणसांवर फारसा विश्वास नाही. मला उघडतात ते आत कुणी नोट दडवली आहे का ते बघायला. वाचायला कोण उघडतो?

माझ्या पोटात अमेरिकेतल्या एका न्यायाधीशाचं चरित्र आहे. तो देश इंग्रज राजाशी भांडत होता, तेव्हाचा हा गृहस्थ. आधी याने राजाशी इमान राखायची शपथ घेतली. वारं फिरलं तशी बंडवाल्यांची घेतली. मग न्यायाधीश झाला, पुढे निवडून येऊन पुढारीही झाला. याच्या भावाने शेजाऱ्याची जमीन दाबली, तेव्हा याने निकाल भावाच्याच बाजूने दिला. ते पान मला अजून टोचतं. ज्याला पोटात बाळगायचं त्याचाच संशय यावा, हे दुःख मी कुणाला सांगू?

रखमाजी गुरुजींनी १९९४ साली मला पुण्याच्या रद्दीतून उचललं आणि घोडेगावच्याही वर, डोंगरातल्या आपल्या गावी आणलं. शब्दकोश शेजारी ठेवून ते रोज अर्धं पान वाचत. पान उलटताना बोटाला थुंकी लावत नसत. तशी माया पुन्हा मिळाली नाही. गुरुजी गेले आणि मी ग्रामपंचायतीच्या कपाटात कसरीच्या तोंडी पडलो.

पुढे २००९ साली तंटामुक्ती समितीला मी सापडलो. काळी पाठ, सोनेरी अक्षरं आणि आत केसांचा टोप घातलेल्या न्यायाधीशाचं चित्र! अध्यक्ष भगवंतभाऊ म्हणाले, "ह्ये कायद्याचंच पुस्तक. टीव्हीत दावत्यात तसं यावर हात ठिवून शपथ घ्यायची." तेव्हापासून गावाचे हात माझ्यावर पडू लागले. खोटं बोलणाऱ्याचा तळहात ओला असतो. मी बहुतेक वेळा भिजलोच.

मग कोंडाबाईचा तंटा आला. ती विधवा. तिच्या भातखाचराला लागून तिच्या दिराचं, दादाभाऊचं खाचर.

"भावजी वरसाला बांध कोरत्यात," ती म्हणाली. "वीत वीत करून चार हात गेलं. आता म्या खाऊ काय?"

साक्षीदार एकच, दादाभाऊचा नांगर धरणारा भागू. त्याने माझ्यावर हात ठेवला. हात कोरडा होता.

"देवाची शपथ असती तर निभलं असतं राव," तो पुटपुटला. "देव सोडून देतो. कायदा नाय सोडत."

तो खरं बोलणार हे ओळखून दादाभाऊ उसळला. "ह्ये कायद्याचं पुस्तक कशावरनं? माझी वृषाली अवसरीला इंजिनिअरिंगला हाय. ती वाचून दावंल!"

मी काय ते समजलो. माझं इंग्रजी कळणारी गावात ती एकटी, आणि ती पडली बापाची लेक. झाला कोंडाबाईचा निकाल!

सुट्टीला घरी आलेल्या वृषालीने मला उघडलं, आणि नेमकं भावाच्या निकालाचं तेच पान निघालं. ती बराच वेळ मनाशी वाचत राहिली. मग म्हणाली, "कायद्याचं न्हाई. एका न्यायाधीशाची गोष्ट हाय."

लोक हसले. भागूने हात काढून घेतला. दादाभाऊने मिशीवर ताव दिला.

"पुढं ऐका की," वृषाली म्हणाली. "ह्याच्या भावानं शेजाऱ्याच्या हद्दीचा दगड सरकवला व्हता. न्यायाधीश त्याला म्हणला, दिस मावळायच्या आत तुझ्या हातानं दगड मागं ठेव. न्हाईतर मी तुझा कुणी न्हाई." हे म्हणताना ती माझ्याकडे बघत नव्हती, बापाकडे बघत होती.

कुणी हसलं नाही. भागूने हात पुन्हा माझ्यावर ठेवला. "चार हात. नांगर मीच धरला व्हता."

 दिवस मावळायच्या आत दादाभाऊ फावडं घेऊन खाचरात उतरला.

मित्रांनो, वृषालीने वाचलं ते माझ्या तीनशे बारा पानांत कुठेच नाही. छापलंय ते नेमकं उलटं. जिच्यावर मी संशय घेतला, तिने माझी लाज राखली. म्हणून विनवतो, पुस्तकांना कसर लागू देऊ नका, पानांना थुंकी लावू नका. आणि मोठे होऊन तुम्ही माझं ते पान वाचलंत, तर कोंडाबाईच्या गावात त्याबद्दल अवाक्षर काढू नका. जन्मात पहिल्यांदाच मी कुणावर विश्वास टाकतो आहे.