पोर्चवरच्या तेवीस जोड्या

काउंटीच्या इन्स्पेक्टरनं आमच्या चपला मोजल्या. एका रविवारी सकाळी रस्त्यात गाडी थांबवून त्यानं आमच्या पोर्चचा फोटो काढला, अन् आठवड्याभरात पत्र हजर. घरात वीसपेक्षा जास्त माणसं प्रार्थनेला जमवायची तर परमिट लागतं, तुमच्याकडे पादत्राणांच्या तेवीस जोड्या आढळल्या, कोर्टहाउसमध्ये हिअरिंगला या.

ही चौऱ्याऐंशी सालची गोष्ट, ओहायोतली. आमचं घर काउंटीच्या, म्हणजे तिथल्या जिल्ह्याच्या, अगदी टोकाला. ओढ्यापलीकडे दुसरी काउंटी, पुलावरून डावीकडे वळलं की तिसरी. म्हणून तिन्हीकडची आपली नागपूर-अमरावतीची मंडळी महिन्यातून दोन रविवार बुद्धवंदनेला आमच्याकडे यायची. वंदना, मग वरणभात, मग संध्याकाळपर्यंत गप्पा. एवढ्या मंडळींना पुरेल असा हॉल दुसऱ्या कुणाकडे नव्हता. आमच्याकडचं बंद म्हणजे सगळंच बंद.

आमचे हे, लहू, काउंटीच्याच रोड डिपार्टमेंटमध्ये इंजिनियर. पत्र वाचून यांचा चेहरा उतरला.

"सुलेखा, तिथं तू काही बोलू नकोस. मी बघतो."

"बघा," मी म्हटलं. पण मी गप्प बसणाऱ्यातली नाही, हे यांनाही ठाऊक होतं.

कोर्टहाउसच्या दुसऱ्या मजल्यावर हिअरिंग होतं. भिंतीवर काउंटीचा भलामोठा नकाशा, त्यात आमचा ओढा निळ्या रेघेनं दाखवलेला. टेबलामागे बोर्डाची पाच माणसं. चेअरमन म्हातारे, बोलायला गोड. त्यांनी फोटो पुढे सरकवला. आमच्यात चपला बाहेर काढूनच घरात येतात, असं यांनी समजावून सांगितलं.

"मग सोपं आहे," चेअरमन हसून म्हणाले. "चपला आत ठेवा. बाहेर काही दिसलं नाही तर आम्हीही काही विचारणार नाही. केस बंद."

यांनी लगेच मान डोलावली. थँक यू सर, थँक यू.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. माझ्या आजोबांना पाटलाच्या दारावरून जाताना चपला काढून हातात घ्याव्या लागायच्या. पायात दिसल्या तर मार. अन् त्यांच्या नातीनं इतक्या लांब अमेरिकेत येऊन चपला लपवायच्या? ह्यांनी माझा पदर ओढला. मी तो सोडवून घेतला आणि उभी राहिले.

"सर, आमच्या चपला दारातच राहतील," मी म्हटलं. माझं इंग्रजी नर्सचं, सरळसोट. "लपवण्यासारखं आम्ही काही करत नाही. आणि तुमचा आकडा चुकलाय. माणसं तेवीस नव्हती, सव्वीस होती. तीन बाळं कडेवर होती, त्यांना चपलाच नव्हत्या. परमिटचा फॉर्म द्या."

चेअरमननी चष्मा काढून पुसला. क्लार्कबाईनं फॉर्म दिला, मी तिथंच भरला. निकाल पुढच्या महिन्यात. तोवर वीसच्या वर माणसं जमवाल तर दंड होईल, असंही चेअरमननी बजावलं. आता आवाज गोड नव्हता.

परतताना गाडी पुलाशी आल्यावर हे म्हणाले, "माझी नोकरी गेली तर?"

"माझी आहे ना," मी म्हटलं. "रविवारी वंदना होणार."

त्यानंतर रोज ऑफिसातून आले की हे गॅरेजमध्ये जायचे आणि ठोकाठोकी सुरू. मला वाटलं, माझ्यावरचा राग खिळ्यांवर काढतायत. काढू देत.

रविवारी सकाळी दार उघडलं तर पोर्चवर नवाकोरा लाकडी रॅक उभा, तोही रस्त्याकडे तोंड करून. चाळीस खण, प्रत्येकावर पेन्सिलीनं नंबर. ह्यांनी आपले ऑफिसचे बूट पहिल्या खणात ठेवले.

"इन्स्पेक्टरला मोजायला सोपं," हे म्हणाले.

सगळ्यात खाली तीन अगदी लहान खण होते, माझी मूठ जेमतेम मावेल असे.

"अन् हे एवढे बारके काऊन?" मी विचारलं.

"बाळं काय कायम कडेवर राहणार आहेत?" हे म्हणाले आणि सतरंजी अंथरायला आत गेले.