कुंपणाबाहेरचा कोपरा

“खाल्लं म्हणजे?” नर्स रेव्होंडाचं पेन थांबलं. “अंगाला लागलं, असं म्हणायचंय ना तुम्हाला?”

“खाल्लं,” डेल्फा टॅकेट म्हणाली. ओठ इतके सुजले होते की शब्द चेपून बाहेर येत होते. “पान. मक्याच्या ब्रेडमध्ये घालून.”

“विषारी आयव्हीचं पान? नुसतं अंगाला घासलं तरी फोड येतात त्या वेलीचं?”

“कोवळं. एकच. दर वसंतात खाते. डॅडींनी शिकवलं होतं. एक पान पोटात गेलं की वर्षभर आयव्ही अंगाला शिवत नाही.”

रेव्होंडाने डेल्फाच्या मुलीकडे, चार्लीनकडे पाहिलं. चार्लीनने छताकडे पाहिलं.

“मिसेस टॅकेट, शाळेत तुम्ही मला वाटाणे संपवल्याशिवाय टेबलावरून उठू द्यायच्या नाहीत. आणि स्वतः हे खाता?”

“वाटाण्यांनी तुझं काही वाईट झालं नाही.”

सुई टोचून झाल्यावर रेव्होंडा स्टूल ओढून समोर बसली. आता तिच्या आवाजात थट्टा नव्हती. “इतकी वर्षं तुम्हाला लागलं नाही, ते पानामुळे नाही. तुमचं शरीर सोसत होतं. बऱ्याच जणांचं सोसतं. मग एखाद्या वर्षी सोसेनासं होतं. आज तोंड सुजलंय, पुढच्या वेळी घसा बंद होईल आणि इथवर पोचायला वेळ मिळणार नाही. पान बंद. आणि ती वेल दिसली की लांबूनच माघारी फिरायचं.”

“पान बंद,” डेल्फा म्हणाली. दुसऱ्या गोष्टीबद्दल ती काहीच बोलली नाही. चार्लीनच्या ते लक्षात आलं.

कॅनी क्रीकच्या खोऱ्यात डेल्फाची ओळख दोन गोष्टींसाठी होती. एक, शाळेच्या स्वयंपाकघरात तिने केलेले बीन्स. दुसरी, तिला आयव्ही लागत नाही ही. कुणाचा शिकारी कुत्रा वेलीच्या गुंत्यात अडकला, कुणाच्या धुराड्यावर वेलीचं केसाळ खोड चढलं, तर माणसं डेल्फाला फोन करायची. ती यायची, उघड्या हातांनी वेल मुळासकट ओढून काढायची, पँटला हात पुसायची आणि कॉफी प्यायची. पोरं तिचे हात बघायला जमत.

निवृत्त झाल्यावर तिने डोंगरावरच्या जुन्या दफनभूमीची साफसफाई अंगावर घेतली. “कुणाच्या आईला मासेमारीचा छंद असतो,” चार्लीन म्हणायची, “माझ्या मम्मीला थडग्यांचा.” पुढच्या रांगा कुणीही साफ करू शकत होतं, तिथे गवतच होतं. मागचा कोपरा मात्र आयव्हीने गिळलेला असायचा आणि तिथे डेल्फाशिवाय कुणी पाय टाकत नसे. त्या कोपऱ्यात ओढ्यातून आणलेले तीन दगड होते, नाव नसलेले. दोन कुणाचे ते सांगणारं आता कुणी उरलं नव्हतं. मधला डेल्फाच्या पहिल्या मुलाचा होता. तो सकाळी जन्मला आणि संध्याकाळी गेला. नवरा होबार्टने तो दगड खांद्यावरून वर नेला होता. पुढे बरे दिवस आले. होबार्ट गेला तेव्हा त्याला पहिल्या रांगेत ग्रॅनाइटचा दगड मिळाला. मुलाचा दगड तोच राहिला. बदलायला डेल्फानेच नकार दिला होता.

दवाखान्यातून परतल्याच्या दुसऱ्या दिवशी ब्रदर रॉस्को आला. होबार्टचा हा चुलतभाऊ दफनभूमीच्या समितीचा प्रमुख होता; चर्चमधली माणसं एकमेकांना ब्रदर, सिस्टर म्हणत. तो पायरीपर्यंत आला नाही, अंगणात ट्रकला टेकूनच उभा राहिला.

“वर ये ना,” पोर्चमधून डेल्फा म्हणाली. तिचा एक डोळा पूर्ण मिटला होता. हातांवर फोडांच्या रांगा होत्या.

“इथेच बरा आहे, सिस्टर डेल्फा. घरी नातू आहे. त्याला लागायचं.”

“फोडांतून लागत नाही रे. वेलीच्या तेलाने लागतं. ते कधीच धुऊन टाकलंय. त्या रेव्होंडाने मला एवढं भाषण दिलंय की आता मी चर्चमध्ये उभी राहून देईन.”

रॉस्को हसला, पण जागचा हलला नाही. “समितीची बैठक झाली. गेल्या वर्षी मागच्या बाजूला दोन पोरांना लागलं. गवत कापणारा म्हणतो, त्या कोपऱ्याकडे मशीन नेणार नाही. तू होतीस तोवर ठीक होतं. आता तुझंही हे असं.” त्याने टोपी काढून पुन्हा घातली. “नवं कुंपण जरा आत घेतोय. खुंट्या ठोकून दोरी बांधलीये. डेकोरेशनचा रविवार झाला, थडग्यांना फुलं वाहून झाली, की खांब रोवणार.”

“म्हणजे कोपरा बाहेर.”

“तिथे नाव असलेलं कुणी नाही, डेल्फा.”

डेल्फा उठली. चार्लीन दारातून पाहत होती. आता आई ओरडणार असं तिला वाटलं. पण डेल्फा कठड्याशी येऊन शांतपणे म्हणाली, “होबार्टबरोबर तो दगड चढवायला तू होतास, रॉस्को. वाटेत दोनदा तू खांदा दिलास. कुणी नाही म्हणतोस?”

रॉस्कोने ट्रकचं दार उघडलं. “समितीने ठरवलंय,” तो म्हणाला आणि ट्रकमध्ये बसला.

त्यानंतर घरात जे झालं ते भांडणच होतं.

“मम्मी, तू वर जाणार नाहीस.”

“जाणार.”

“मरशील!”

“पान खाल्लं म्हणून सुजले. खाणार नाही. माझं चुकलं, डॅडींचंही चुकलं. पण तुम्ही सगळे हातमोजे घालून जगता ना? मीही घालीन.”

“तुला कधी जमलंय का हातमोज्यांत काम करणं? भांडीसुद्धा उघड्या हातांनी घासतेस.”

“शिकेन.”

डेकोरेशनच्या आदल्या शनिवारी ती गेली. उन्हाळ्याच्या तोंडावर होबार्टचा कॅनव्हासचा कोट, गळ्यापर्यंत बटणं, बाह्या टेपने मनगटाला चिकटवलेल्या, त्यावर लांब रबरी हातमोजे. चार्लीनने तिला गाडीतून वर सोडलं आणि स्वतः गाडीतच काचा लावून बसली. रागाने तिने रेडिओ लावला.

काचेतून तिला आई दिसत होती. डेल्फा फार हळू काम करत होती. पूर्वी ती वेल धरून हिसका द्यायची. आता कात्रीने बुंध्याशी कापत होती, तुकडे पिशवीत भरत होती, तोंड बांधत होती. जाळायचं नव्हतं; त्याचा धूर छातीत गेला तर फुप्फुसं सुजतात. मध्येच तिने कपाळाचा घाम पुसायला हात उचलला आणि हात हवेतच थांबवला. मोज्याला तेल होतं. घाम डोळ्यांत उतरत राहिला. ती तशीच उभी राहिली, सुजलेला डोळा मिटून, हात अंगापासून लांब धरून, परक्याचे हात असल्यासारखे.

चार्लीनने रेडिओ बंद केला. थोड्या वेळाने ती उतरली, एक टॉवेल घेऊन गेली आणि लांब उभं राहून, हात ताणून, आईचं कपाळ टिपलं.

“गाडीत जा,” डेल्फा म्हणाली.

“गप बस, मम्मी.”

रविवारी सगळं खोरं वर आलं. मेणात बुडवलेली कागदी फुलं थडग्याथडग्यावर लागली, झाडांखाली लांब टेबलं मांडली गेली. डेल्फाने सुक्या सफरचंदांचा थरांचा केक आणला होता. प्रार्थना झाली, ताटं भरली. भाजलेलं मांस संपत आलं, बटाट्याचं सॅलड संपलं, केकला मात्र कुणी सुरी लावली नाही. तिच्या हातांकडे बघून माणसं पुढे सरकत होती.

डेल्फाने ते पाहिलं. तिने स्वतःच केक कापला, मोठा तुकडा घेतला, उभ्यानेच शेवटपर्यंत खाल्ला. बोटं चाटली. मग हातमोजे चढवले आणि मागच्या कोपऱ्याकडे चालू लागली.

समितीची दोरी साफ झालेल्या कोपऱ्याच्या अलीकडून गेली होती. डेल्फाने पहिली खुंटी हलवून उपटली. नंतर दुसरी. टेबलांवरची कुजबुज थांबली. तिने खुंट्या तिन्ही दगडांच्या पलीकडे नेल्या आणि हातोडा नसल्यामुळे एका सपाट दगडाने ठोकू लागली.

रॉस्को ताट ठेवून आला. दोरीपाशी थांबला.

“वेल परत येईल, सिस्टर डेल्फा.”

“येईल. मीही येईन.”

“आणि तू नसशील तेव्हा?”

“तेव्हा माझ्याच थडग्यावर येऊन सांग.” तिने दोरीचं टोक पुढे केलं. “आता हे धर. ढिली पडतेय.”

रॉस्को त्या मोज्यांकडे पाहत राहिला. मग त्याने खिशातला रुमाल हाताला गुंडाळला आणि दोरी धरली. डेल्फाने ती ताणून गाठ मारली. परत जाताना रॉस्कोने दोरीवर एक बोट दाबून पाहिलं. घट्ट होती. टेबलापाशी जाऊन तो बसला.

दर वर्षी फूल लावण्याआधी डेल्फा मधल्या दगडावर तळवा ठेवायची. बराच वेळ ठेवायची. या वर्षी तिने मोज्यातला हात दगडापर्यंत नेला आणि मागे घेतला. दगडावर वर्षभर वेल लोळली होती, तेल मुरलेलं असणार.

“चार्लीन,” तिने हाक मारली. “गाडीतला पाण्याचा कॅन आण. भांड्यांचा साबण आहे, तो पण. आणि मऊ ब्रश आण, तो दुसरा नको.”

चार्लीनने कॅन आणला. या कोपऱ्यात तिने आजवर पाय ठेवला नव्हता. डेल्फा गुडघ्यांवर बसली आणि साबणाचा फेस करून दगड घासू लागली, आधी वरचा गोल भाग, मग मागची बाजू, मग खालच्या खाचा. चार्लीन वाकून पाणी ओतत होती. टेबलांकडून पुन्हा बोलण्याचे आवाज येऊ लागले. कुणीतरी केकसाठी सुरी मागत होतं.

“हळू,” डेल्फा म्हणाली. “एकदम नको ओतू. गार आहे.”