नाकाचे माप

मी एक जुनी एक्स-रे फिल्म आहे. खरे तर मी अर्धीच आहे. माझा उरलेला अर्धा भाग दुसऱ्या एका माणसाचा आहे आणि आम्हाला जोडणारी शिवण अजून शाबूत आहे. मित्रांनो, माझ्या पोटात एका म्हाताऱ्याच्या फासळ्या आहेत, कडेला सुती पट्टी आहे आणि अंगावर कुत्र्यांच्या नखांचे ओरखडे आहेत. एवढ्या भांडवलावर लोक आत्मचरित्राचे खंड काढतात; मी थोडक्यात आटोपते.

माझा जन्म एका थंड, अंधाऱ्या खोलीत झाला. "श्वास धरा," एक आवाज म्हणाला आणि म्हाताऱ्याने तो धरला. सोडताना त्याला खोकल्याची उबळ आली. आयुष्यभर छापखान्यात त्याने शिशाचे खिळे जुळवले होते. इतरांची मते शुद्ध छापून निघावीत म्हणून त्याने शिशाची जी धूळ फुंकली आणि गिळली, ती माझ्यावर धुरकट डागांच्या रूपाने उमटली. मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी मला उजेडासमोर धरले, शिंक यायला लागतो तेवढा वेळ पाहिले आणि विश्रांती सांगितली. विश्रांती हे औषध कोणत्याच दुकानात मिळत नाही. म्हणूनच ते सांगणाऱ्याला आपण फार उदार आहोत असे वाटत राहते.

घरी माझी रवानगी कपाटाच्या माथ्यावर झाली. तिथे एका पाकिटात आणखी एक फिल्म आधीच पडून होती. ती म्हाताऱ्याच्या सुनेच्या मानेची. सून घरी बसून कारखान्यासाठी सदऱ्यांच्या कॉलरी शिवत असे, फक्त कॉलरी. कापलेले गठ्ठे येत, शिवलेले जात. त्यांत कोणाच्या माना शिरतात हे तिला कधी कळले नाही. तिची स्वतःची मान मात्र यंत्रावर वाकून वाकून आखडली होती. तिलाही विश्रांतीच सांगितली होती. नवरा दूरच्या रस्त्यांवर मालमोटार चालवी आणि घरी पाहुण्यासारखा येई.

अशा या घरी काजळी आली. तिला कोणी आणले नाही. ती काळी कुत्री जिना चढून वर आली, उंबऱ्यावर बसली आणि उठलीच नाही. म्हाताऱ्याला मीठ वर्ज्य होते आणि कुत्रीलाही ते देऊ नये असे कळले, तेव्हा दोघांचा अळणी भात एकाच पातेल्यात शिजू लागला.

"सूनबाई, आता आमच्या दोघांचा आचारी एक," म्हातारा म्हणे. "चव मात्र तिलाच लागते."

पुढे काजळीच्या पोटावर गाठ आली. सुनेने कॉलरींचे जादा गठ्ठे घेतले, मान शेकत शेकत शिवले आणि गाठ काढून घेतली. जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी तिला विश्रांती सांगितली आणि बजावले की टाके चाटू देऊ नका, गळ्यात कॉलर घाला. कॉलर तिथेच विकत मिळत होती. सुनेने ती हातात घेऊन आतबाहेर पाहिली आणि परत ठेवली.

घरी येऊन ती म्हणाली, "त्या कॉलरीला टीपसुद्धा नाही हो, मामंजी. नुसता प्लास्टिकचा पत्रा वळवलाय आणि दोन बटणं ठोकलीत. ऑपरेशनमध्येच हात रिकामा झाला, आता ती कुठून आणू?"

"अगं, जन्मभर कॉलरी शिवतेस आणि घरच्या माणसाला बाहेरून आणायची? काढ ती माझी छाती खाली."

"आणि दवाखान्यात जुनी फिल्म मागितली तर?"

"छाती माझ्याजवळच आहे. कुठे जातेय? हवी तर नवी काढतील."

तिने मला ओल्या फडक्याने पुसले, खडूने आखले, कापले. कडा टोचू नये म्हणून सुती पट्टी लावली, गळ्याशी नाडी ओवली. नाडी आवळल्यावर दोन बोटे आत जातील एवढी ढील ठेवली, कारण चांगल्या कॉलरीची खूण तीच. मी काजळीच्या गळ्यात बसले ती इतकी बेतशीर, की जिन्यातली माणसे पाहायला आली. "ही तर साहेबीण झाली!" शेजारीण म्हणाली. वर्षानुवर्षे कपाटावर धूळ खाल्लेल्या जिवाला कौतुकाचे अजीर्ण व्हायला वेळ लागत नाही. मीही फुगले.

दुसऱ्याच दिवशी म्हाताऱ्याला फरशीवर लाल डाग दिसले. काजळीने मान वळवली होती, माझ्या काठावरून तोंड सहज बाहेर काढले होते आणि टाके उसवले होते. मी गळ्याशी नेमकी होते आणि उंचीला आखूड होते. जिने जन्मभर माणसांच्या कॉलरी शिवल्या, तिने कुत्रीलाही माणसाचीच कॉलर शिवली होती.

दवाखान्यात आम्ही बाकावर बसलो. शेजारी एक बाई होत्या. त्यांच्या मांडीवरच्या कुत्र्याच्या अंगाला सुवास येत होता. त्यांनी माझ्यातल्या फासळ्या निरखल्या, मग सुनेच्या चपला, आणि अगदी सौम्य आवाजात म्हणाल्या, "राग मानू नका, पण परवडत नसेल तर पाळायचं कशाला? मुक्या जिवाचे हाल होतात."

मित्रांनो, माझ्या जातीला माणसाच्या आतले पाहण्याची सवय आहे. त्या बाई दुष्ट नव्हत्या, म्हणूनच ते वाक्य भयंकर होते. दुष्टाला निदान आपण काही दुखावतो आहोत याची कल्पना असते. गरिबाने आधी ऐपतीचा दाखला मिळवावा आणि मगच जीव लावावा, हा नियम कोणत्याही ग्रंथात लिहिलेला मला आढळला नाही. तो लिहावाच लागत नाही, इतका तो सर्वांना पाठ असतो.

म्हातारा म्हणाला, "बाई, आमच्या घरात न परवडणारी पहिली वस्तू मी आहे. कुत्री नंतर आली."

"मामंजी, गप्प बसा. खोकला येईल."

तो आलाच.

आत डॉक्टरीणबाईंनी जखम धुतली, पुन्हा टाके घातले आणि मला फिरवून पाहिले. "कोणी शिवली?"

"मीच."

"शिवलीय सुरेख. पण गळ्याचं माप घेतलंत. नाकाचं घ्यायचं होतं. कड नाकाच्या पुढे गेली पाहिजे." मग त्यांचा आवाज उतरला. "आता नीट ऐका. पुन्हा उसवलं तर शिवायला धड कातडी उरणार नाही. मग मी तिला वाचवू शकेन असं सांगत नाही. पैशांचं राहू द्या."

"राहू कसं देऊ? मी फुकट शिवत नाही, तुम्ही का शिवावं? तुमच्या ॲप्रनांच्या कॉलरी विरल्यात. उलटवून देते, नव्यासारख्या होतील."

डॉक्टरीणबाईंनी नकळत आपल्या कॉलरीला हात लावला आणि मान डोलावली.

त्या संध्याकाळी सुनेने काजळीचे माप पुन्हा घेतले, या वेळी नाकाच्या टोकापर्यंत. मी एकटी पुरणार नव्हते. तिने कपाटावरून आपल्या मानेची फिल्म काढली, क्षणभर उजेडात पाहिली आणि कात्री चालवली. म्हाताऱ्याच्या छातीला सुनेची मान जोडली गेली. दुहेरी टीप घातली.

मग कंटाळवाणे दिवस आले. पराक्रम असा काही नव्हताच. काजळी दाराला धडकायची, भिंतीला घासायची, पाण्याचे भांडे माझ्या कडेने उलथायची. भांड्यापर्यंत तोंड पोचेना, म्हणून एके सकाळी ती जेवलीच नाही. सुनेच्या पायाशी येऊन उभी राहिली आणि बघत राहिली. सुनेचे यंत्र थांबले. तिचा हात माझ्या नाडीकडे गेला.

"थोडा वेळच काढते. खाईल आणि परत घालते."

"हात लावू नकोस," म्हातारा म्हणाला.

"अहो, उपाशी आहे ती!"

"मग तूही रड आणि मीही रडतो. नाडी मात्र सुटायची नाही."

तो फरशीवर बसला. एवढ्यानेच त्याला धाप लागली. अळणी भाताची वाटी तळहातावर घेऊन त्याने हात माझ्या आत घातला, थेट तिच्या तोंडाशी. काजळीने हुंगले, मग खाल्ले. त्याच्या बरगड्या माझ्या बाहेर धापत होत्या आणि त्यांचे चित्र माझ्या आत होते. टाके निघेपर्यंत प्रत्येक जेवण असेच झाले. जखम भरली. काजळी आजही आहे, थोडी जाड झाली आहे.

पुढे मोठ्या दवाखान्यात म्हाताऱ्याकडे जुनी फिल्म मागितलीच. त्याने पिशवीतून मला काढले. डॉक्टरांनी मला उलगडून उजेडासमोर धरले आणि या वेळी बराच वेळ पाहिले.

"ही आडवी रेष कसली?"

"शिवण आहे, साहेब. तिच्या पलीकडे माझी सून सुरू होते."

डॉक्टर हसले. मग नवी फिल्म जुनीशेजारी लावली आणि हसायचे थांबले. विश्रांती घ्या, म्हणाले.

आता मी जनावरांच्या दवाखान्यात एका खिळ्याला असते. ज्यांच्याकडून विकतची कॉलर घेणे होत नाही, ते मला घेऊन जातात. कितीतरी गळ्यांत राहून आले. कोणी धुऊन परत करतात, कोणी तशीच चिकट. माझी शिवण सैल झाली की सून येऊन टीप मारून जाते. मान तिची अजून दुखते. दवाखान्यांत हल्ली चित्रे पडद्यावर दिसतात, त्यामुळे माझ्यासारख्या नव्या फिल्म्स फारशा मिळत नाहीत. मी दमले आहे.

मित्रांनो, तुमच्या घरी अशी वेळ आली तर माप नाकापर्यंत घ्या, कड मऊ करा, आणि कीव आली तरी नाडी सोडू नका. वाटी हातात धरा. मला नेलेत तर धुऊन परत करा, पुढचा गळा बहुधा बाकावर वाट पाहत असतो. आणि त्या बाकावर शेजारी कोणी फाटक्या चपलांत बसले असेल, तर परवडते का हे विचारू नका. त्या घरात विश्रांती तिघांना सांगितली होती. दोघांनी आपापल्या फिल्मला कात्री लावली, म्हणून तिसरीला, काजळीला, ती घेता आली.