माझ्या शेजारची पांढरी गाडी

मित्रांनो, शारजाच्या एका गाडीबाजारात कडेला उभी असलेली जुनी, निळी, छोटी गाडी म्हणजे मी. जन्मले जपानच्या कारखान्यात, पण माझं खरं आयुष्य गेलं शारजातल्याच रोल्ला भागात. तिथले हेमचंद्रकाका मला रोज दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कात कामावर न्यायचे. ऑइल वेळेवर बदलायचे, ब्रेक समोर उभं राहून तपासून घ्यायचे. भर उन्हाळ्यातही मी त्यांना कधी रस्त्यात सोडलं नाही. "गुणी आहे हो माझी गाडी," ते कौतुकानं सांगायचे. पुढे ते निवृत्त होऊन चिपळूणला परतले आणि मी इथं आले. उन्हानं टपावरचा रंग उडाला. कुणी धूळही पुसेना.

एका शनिवारी सिद्धांत, त्याची बायको मैथिली आणि लहानगा अंश आले. मैथिलीला नवी नोकरी लागली होती. अंशला शाळेत सोडून कामावर जायला तिला भरवशाची गाडी हवी होती. तिनं मला चालू केलं आणि हसली. "ऐक ना, हिचा आवाज किती शांत आहे!"

माझ्या शेजारी नुकती रंगवलेली पांढरी गाडी होती. पुराच्या पाण्यात बुडालेली. तिच्यातला चिखल काढताना मी पाहिलं होतं.

"ममा, दॅट वन इज सो शायनी!" अंश ओरडला.

मैथिलीनं तिचं दार उघडलं. "कुबट वास येतोय रे. आधी मेकॅनिकला दाखवू या."

"मॅडम, एसी का स्मेल है," विक्रेता हारुन म्हणाला. "यल्ला, जल्दी कीजिए, दूसरा कस्टमर आ रहा है."

"आणि त्या निळीचा रंग बघ," सिद्धांत म्हणाला. "ऑफिसात काय म्हणतील?"

मैथिलीनं पांढऱ्या गाडीचं दार लावलं आणि सिद्धांतनं तिचे पैसे मोजले. मला ओरडावंसं वाटलं; पण माझा हॉर्नसुद्धा कुणी दाबल्याशिवाय वाजत नाही.

ऑगस्टमध्ये ते परत आले. पांढरी गाडी हायवेवर बंद पडली होती. पुराच्या पाण्यानं आतल्या तारा गंजल्या होत्या; एसी गेला, काचा उघडेनात, दारं अडकली. लोकांनी काच फोडली तेव्हा अंश बेशुद्ध होता. आता तो बरा होता.

"खलास, साब. बिकी हुई गाडी वापस नहीं होती," हारुन म्हणाला.

मैथिली माझ्याकडे वळली. "मग ही निळी द्या."

हारुननं माझं बॉनेट उघडलं. आत काहीच नव्हतं. गिऱ्हाईक मिळेना म्हणून माझं इंजिन त्याच आठवड्यात काढून विकलं होतं. सिद्धांत मान खाली घालून उभा राहिला.

मित्रांनो, जुनी गाडी घेताना रंगाला भुलू नका, आधी ती तपासून घ्या. आणि घरातलं कुणी शंका काढत असेल, तर जरा थांबा. मला बोलता येत नाही. मैथिली तर बोलली होती.