आईच्या वाट्याच्या पुऱ्या

गुरुवारी बाबांचं, दीनानाथांचं, परतीचं विमान होतं, आणि ते सांगलीला एकटे राहू शकतील की नाही, हे सीमाला त्याआधी ठरवायचं होतं. तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट, गॅसची शेगडी आणि पंचाहत्तरीचा माणूस. धाकटा भाऊ अंशुमन पुण्याहून रोज फोन करायचा. त्याच्या मते बाबा ठणठणीत होते, ताईच उगाच जिवाला घोर लावून घेत होती. आई जानेवारीत गेली. मे महिन्यात सीमा बाबांना वेल्समध्ये, कार्डिफला आपल्या घरी घेऊन आली आणि बघता बघता ऑगस्ट उजाडला. मंगळवारी तिने लायब्ररीतून रजा काढली आणि बाबांना शहर दाखवायला नेलं. शहराचं निमित्त. बाबा कसे वावरतात, ते तिला बघायचं होतं.

दिवस रमतगमत चालला होता. किल्ल्याबाहेरच्या भिंतीवर दगडी प्राणी बसवले आहेत. बाबांनी एकेकाची विचारपूस केली आणि माकडांपाशी थांबून, यातलं एक अगदी अंशुमनवर गेलंय, असं गंभीर चेहऱ्याने सांगितलं. किल्ल्यातल्या बुरुजाच्या पायऱ्या ते तिच्या आधी चढले. वरून दिसणाऱ्या रस्त्यांपैकी आपण कुठल्या रस्त्याने आलो, तेही त्यांनी बरोबर दाखवलं. सीमाला हायसं वाटलं. एवढंच, की प्रत्येक दारातून बाहेर पडल्यावर ते वळायचे आणि दार धरून उभे राहायचे. मागे कोणी नसलं तरी. इथल्या लोकांचं बघून शिकले असतील, असं तिने मनाशी म्हटलं.

दुपारी टॅफ नदीकाठच्या बागेत बसले. वर डोंगरात पाऊस झाला असावा. पाणी गढूळ झालं होतं आणि आवाज न करता भराभर चाललं होतं. कृष्णेला असं पाणी आलं की बायामाणसांना घाटावर उतरू देत नसत, असं बाबा म्हणाले आणि बराच वेळ काठाकडे बघत राहिले.

सीमाने तिखटमिठाच्या पुऱ्या आणल्या होत्या. बाबांनी फॉइलचा तुकडा फाडला, त्यावर चार पुऱ्या आणि लिंबाच्या लोणच्याची फोड ठेवली आणि तो बाजूला सरकवला. गेलेल्या माणसाच्या नावाने घास काढून ठेवतात, हे तिने घरी पाहिलं होतं. आजी गेली तेव्हा आई वर्षभर काढायची. कार्डिफला आल्यापासून बाबांनी आईचं नावही घेतलं नव्हतं. आज निदान एवढं केलं. तिला भरून आलं.

तेवढ्यात समोर कावळा उतरला. नदीवर सीगल पुष्कळ होते, पण हा कावळाच होता. सीमाने फॉइल हळूच त्याच्याकडे सरकवलं.

बाबांनी छत्री उचलून कावळ्याला हाकललं.

"तिचं आहे ते," ते म्हणाले. "गार झाल्या तरी चालतात तिला." त्यांनी पुडी बांधली आणि कोटाच्या खिशात ठेवली.

सीमाच्या हातातली पुरी हातातच राहिली. कावळा शिवावा म्हणून माणसं ताटकळत उभी राहतात. त्याला हाकलतं कोण? ज्याला तो घास घरच्या माणसासाठी राखून ठेवायचा असतो, तो.

पुढचं सगळं ठरल्याप्रमाणे झालं. बोटीने दोघं खाडीकडे गेली, आइस्क्रीम खाल्लं, जहाजं पाहिली. बाबा शांत होते, आनंदातही होते. सीमा मात्र ते थांबतील तिथे थांबत होती आणि ते बघतील तिकडे बघायचं टाळत होती.

परतीची शेवटची बोट धक्क्याला लागली. बाबा बायकांच्या स्वच्छतागृहासमोरच्या बाकावर जाऊन बसले. दार बंद होतं. बोटवाल्याने दोनदा हाक मारली, मग दोर हातात धरून तो थांबून राहिला.

"बाबा, चला. बोट सुटेल."

"आत गेलीय. येईल एवढ्यात."

सीमा त्यांच्यासमोर गुडघ्यांवर बसली. हे वाक्य आपल्याला कधी म्हणावं लागेल असं तिला वाटलं नव्हतं. जानेवारीत स्मशानातून परतलेले बाबाच ते सगळ्यांना सांगत होते.

"बाबा, आई गेली ना."

त्यांनी तिच्याकडे पाहिलं. नजर अगदी स्वच्छ होती. नेहमीची, हिशेबी, शाळामास्तराची.

"मला माहीत नाही का ते?" त्यांनी बंद दाराकडे पाहून आवाज खाली आणला. "हळू बोल. तिला अजून कोणी सांगितलेलं नाही."

सीमाने बोटवाल्याला हाताने जायला खुणावलं. बोट वळली आणि गढूळ पाण्यावरून वरच्या अंगाला निघून गेली. धक्का रिकामा झाला. ती बाबांच्या शेजारी बसली. फोन वाजला. अंशुमन होता.

"काय ताई, कसा झाला डे आउट?"

"तिकीट कॅन्सल कर."

"का? पडले-बिडले नाहीत ना?"

"नाही. बरे आहेत."

"मग? आहात कुठे तुम्ही?"

"धक्क्यावर. थांबलोय."

"कोणासाठी?"

आतून कडी सरकल्याचा आवाज आला. बाबा उठून उभे राहिले. सीमाने फोन कानावरून खाली घेतला. तिनेही दाराकडे मान वळवली.