विकून उरलं तर

मित्रांनो, मी मासळीची एक जुनी पाटी आहे. तुम्ही जिच्यावर अक्षरं गिरवता ती नव्हे. कोळणी डोक्यावर घेतात ती, बांबूची. आता माझे काठ उसवले आहेत, अंगाला वास मुरला आहे आणि स्वभावही आंबट झाला आहे. तरी ऐका.

कुंडलिक बुरडाने मला विणलं आणि खारदांड्याच्या कमळने मला घरी आणलं. घेण्याआधी तिने मला उलटी करून पाहिली, ठोकून पाहिली, गुडघ्यावर दाबून पाहिली. पुढे सून आणताना तिने एवढी पारख केली नाही, आणि आणल्यावर तिला जपलं तर मुळीच नाही.

पहाटे होडी किनाऱ्याला लागली की कमळ मला भरायची. खाली बर्फ, वर सुरमई, पापलेट, कडेला मांदेली. मग रिक्षात मला पायाशी घेऊन ती अंधेरीला जायची. तिथल्या इमारतींमध्ये तिची ठरलेली गिऱ्हाइकं होती. बायका माझ्यात डोकावून म्हणायच्या, "मावशी, काय ताजी मासळी गं!" कौतुक कमळचं व्हायचं आणि फुगायचे मी. तेव्हा मला अक्कल नव्हती.

कमळच्या घरात एक नियम होता. आधी गिऱ्हाईक, मग घर. विकून उरलं तर कालवण करायचं. ऐकायला शहाणपणाचं वाटतं, पण त्याचा अर्थ समजून घ्या. धंदा बसला तर घरात मासे शिजायचे. धंदा झकास झाला तर मी रिकामी परतायचे आणि घरात डाळभात व्हायचा. कमळचा मुलगा परेश होडीवरच मासे भाजून खाऊन यायचा. कमळच्या हातावर एखादं गिऱ्हाईक खायला काही ठेवायचं. उपाशी राहायची ती परेशची बायको. पूर्वी तिचं नाव. ती सगळ्यांच्या मागून जेवायची आणि चहात खारी बुडवून दिवस काढायची.

पूर्वी पोटुशी राहिली तेव्हा आरोग्य केंद्रातल्या सेलिना नर्स घरी आल्या. मी दाराशी सुकत पडले होते. त्या म्हणाल्या, "रक्त कमी आहे हिचं. या गोळ्या रोज द्या. मासे, पालेभाजी द्या. तुमचं तर मासळीचंच घर, मी काय सांगू?"

नर्सबाईंची पाठ वळताच कमळने गोळ्या उचलल्या. "नको गो या गोल्या. पोर कालं होतं. न् लय खाऊ पन नको, पोर पोटात मोठं झालं की सुटताना अडतं. मी नऊ म्हयने पाटी व्हायली, मना कोनी दिली गोली?"

तिने ती गोळ्यांची पाकिटं माझ्या तळाशी टाकली आणि अंधेरीच्या कचरापेटीत फेकली. म्हणजे तिथवर ती मीच वाहून नेली. मला अजून त्याची लाज वाटते.

त्याच कचरापेटीपुढच्या इमारतीत एमिलिया राहायची. शाळेत शिकवायची. तीही त्याच महिन्यांत पोटुशी होती. दर शुक्रवारी कमळ तिच्या उंबऱ्याशी मला उतरवायची आणि अगदी मायेने म्हणायची, "ही पापलेटं तुझ्यासाठी येगली ठेवलीत, बाय. पोटुशीने ताजं खावं. पोर तरतरीत होईल बघ."

हे ती मनापासून म्हणायची. त्यात लबाडी नव्हती, आणि याचाच मला जास्त राग येतो. पोटुशीला काय लागतं हे त्या बाईला पक्कं ठाऊक होतं. फक्त आपल्या घरात एक पोटुशी आहे, हे तिच्या ध्यानात येत नव्हतं.

पूर्वीची मुलगी राधा जन्मली ती हलकी, चिमणीएवढी. पूर्वी बाळंतपणातून उठली ती पांढरीफटक. चुलीपुढे बसली की तिला घेरी यायची. तिने पोरीसाठी वेगळं काही शिजवावं कसं? मग चहात बिस्कीट, थोडी मोठी झाल्यावर चिप्सचं पाकीट. ती पाकिटं रोज संध्याकाळी माझ्यातूनच घरी यायची. जाताना मासळी, येताना पाकिटं.

राधा चार वर्षांची झाली. बालवाडीला सुट्टी होती म्हणून कमळ तिला अंधेरीला घेऊन आली. एमिलियाचा मुलगा एल्रॉय जमिनीवर बसून तळलेली मांदेली खात होता. काटे स्वतः काढत होता. एमिलियाने राधाला ताटली दिली. राधाने नाक दाबलं. "शी! वास येतो. मना पाकीट दे."

कोळ्याची पोर मासळीला नाक दाबत होती! एमिलिया ओशाळून हसली. "मावशी, हा बघ ना, तुझ्याच मासळीवर वाढलाय. पोटात होता तेव्हापासून."

कमळने मला उचललं आणि राधाचा हात धरून ती जिना उतरली.

आता पूर्वी पुन्हा पोटुशी आहे. रक्त पहिल्यापेक्षाही कमी. सेलिना नर्सनी या वेळी कमळला समोर बसवलं. "आई जे खाते त्याची चव बाळाला पोटातच लागते, मावशी. आणि आई अशक्त राहिली की पुढे पोराला रांधून कोण घालणार? राधाचं बघितलंत ना? या वेळी नीट काळजी घ्या." कमळने मान डोलावली. तिचे डोळे भरले होते, ते मी पाहिलं.

दुसऱ्या दिवशी पहाटे तिने एक मोठं पापलेट माझ्यातून काढून स्वयंपाकघरात ठेवलं. "तुझं हाय. आज खा." पूर्वीने हळद-मीठ लावायला घेतलं. ती चक्क गुणगुणत होती. तेवढ्यात कमळचा फोन वाजला. अंधेरीच्या कुणाकडे पाहुणे येणार होते, मोठं पापलेट हवं होतं. कमळने होकार दिला. मग आत गेली, मासा धुतला आणि माझ्यात आणून ठेवला.

"उद्या आनते गो. नक्की."

पूर्वीने हळदीचे हात पुसले आणि चहा ठेवला. राधाने आपल्या पाकिटातल्या दोन चिप्स आईपुढे केल्या. पूर्वीने त्या खाल्ल्या.

ही गोष्ट परवाची आहे, मित्रांनो. पूर्वीला सातवा महिना लागला आहे. माझं म्हणणं कमळला ऐकू जात नाही, पण तुम्हाला तोंड आहे. तुमच्या घरी कुणी पोटुशी असेल तर तिला आधी वाढा, आणि ती जेवून उठेपर्यंत तिथून हलू नका. "उद्या" म्हणणाऱ्याला तिथेच अडवा. पोटातल्या बाळाला आजच भूक लागलेली असते.