पहिला तुकडा कुणाला

निल्झानं धाकट्या बहिणीच्या हातातलं ताट जवळजवळ हिसकावूनच घेतलं.

"हे कुठं चाललंय?"

"बाहेर. पाहुणे यायला लागतील ना आता," जोसी म्हणाली.

"गाण्याआधी ब्रिगादेरो? डोकं लिस्बनलाच ठेवून आलीस की काय?"

चूक जोसीचीच होती, आणि ती आमच्या गावातलं शेंबडं पोरही करत नाही. कोंबडीचं सारण भरलेल्या कोशिन्या, चीजचे वडे, ग्वाराना सरबताच्या बाटल्या, हे आल्या आल्या हाणायचं. पण ब्रिगादेरो, म्हणजे चॉकलेटचे ते लाडू, केकभोवती मांडून ठेवायचे आणि वाढदिवसाचं गाणं संपेपर्यंत त्यांना बोट लावायचं नाही. पोरं टेबलाभोवती घिरट्या घालतात, मोठी माणसं त्यांच्यावर डोळे वटारतात आणि स्वतः हळूच एखादा तोंडात टाकतात, ती गोष्ट वेगळी. तीन वर्षं परदेशी हॉटेलांत चादरी बदलता बदलता जोसी हे विसरली असेल. निल्झाला मात्र त्यात विसरण्यापेक्षा जास्त काहीतरी दिसत होतं.

जोसी परत बसली. तळहातांना लोणी चोळून दोघी उरलेल्या मिश्रणाचे लाडू वळू लागल्या. निल्झाचे सगळे सारखे होत होते. जोसीचा एक लिंबाएवढा, तर एक आवळ्याएवढा.

"पोरांना जाताना द्यायच्या पिशव्यांत काय घातलंस?" निल्झानं विचारलं.

"तिकडून आणलेली चॉकलेटं. वर रिबीन, आणि रिबिनीवर मायतेचं नाव."

"बस? शेंगदाण्याची वडी नाही, फुगा नाही, शिट्टी नाही?"

"शिट्टी कशाला? डोकं उठतं."

"उठायलाच हवं. वाढदिवसाहून घरी गेलेल्या पोरानं आईबापाचे कान किटवले नाहीत, तर गेलं होतं कुठं ते कळणार कसं?"

एरवी जोसी यावर हसली असती. आपली मुलगी मायते दोन वर्षांची असताना जोसी तिला बहिणीकडे ठेवून गेली होती. आज मायतेला पाच पूर्ण होत होती. तिला परदेशी न्यायचे कागद हातात आले होते आणि सोमवारच्या बसनं जोसी तिला घेऊन जाणार होती. आधी राजधानीला, तिथून विमानानं लिस्बनला. जोसी सोमवारी जाणार एवढं मायतेला ठाऊक होतं; ती आपल्यालाही नेणार, हे मात्र दोघी बहिणींशिवाय कुणालाच ठाऊक नव्हतं, खुद्द मायतेलाही नाही. "वाढदिवस होऊ दे, मग सांगू," असं निल्झा म्हणाली होती. तेव्हापासून दोघी त्या विषयाला बगल देत लाडवांवर आणि रिबिनींवर भांडत होत्या.

"पहिला तुकडा ती कुणाला देईल गं?" जोसीनं मान खाली घालून विचारलं.

निल्झाचा हात थांबला. केकचा पहिला तुकडा आपल्या सगळ्यांत लाडक्या माणसाला द्यायचा असतो, तोही सगळ्यांच्या देखत. त्यावरून आमच्याकडे आज्या रुसल्यात, सोयरिकीत तेढ आलीय. आणि जोसीनं तर सगळंच त्या तुकड्यावर लावलं होतं. तुकडा मिळाला म्हणजे पोर आपली. मग सोमवारी तिला बसमध्ये चढवताना मन खाणार नाही.

"मला काय विचारतेस? द्यायचा तिला आहे."

"तू शिकवलं नाहीस ना काही?"

"शिकवलं असेल नसेल. तीन वर्षं फोनवर उंटावरून शेळ्या हाकणाऱ्यांनी माझ्यावर संशय घेऊ नये."

"पैसे पाठवत होते मी, निल्झा."

"पाठवत होतीस. ताप आला की पैसे कपाळावर ठेवायचे, नाही का?"

जोसीनं हातातला लाडू दाबला तो पार चपटा झाला. मग ती म्हणाली, "मीही तिला काही सांगणार नाही. तिच्या मनात येईल तसं होऊ दे."

"होऊ दे," निल्झा म्हणाली आणि तो चपटा लाडू उचलून तिनं पुन्हा गोल केला.

दुपारी मायतेला पिवळा झगा घालताना जोसीला राहवलं नाही. "मायते, तो पहिला तुकडा..." एवढं बोलून तिनं जीभ चावली. मायतेनं वळून पाहिलं, पुढं काही येत नाही म्हटल्यावर ती म्हणाली, "बटणं लावलीस, थँक्यू." आल्या दिवसापासून पोर तिच्याशी फार नीट वागत होती. तिला स्वतःची खाट दिली, चांगला टॉवेल दिला, जेवताना आधी वाढून घ्यायला सांगितलं. निल्झाशी मात्र ती पाय आपटून भांडायची, तिच्या एप्रनला हात पुसायची. जोसीला एकदा तरी तिनं पाय आपटून दाखवावेत असं वाटत होतं.

उन्हं कलली आणि अंगण माणसांनी भरलं. ज्यांना बोलावलं होतं ते आले, त्यांच्यासोबत न बोलावलेली भावंडंही आली, आणि रिबिनीच्या पिशव्या पुरणार नाहीत हे उघड झालं. निल्झानं आतून वड्या, फुगे आणि शिट्ट्या भरलेल्या कागदी पिशव्यांची टोपली आणून दाराशी ठेवली. कधी भरून ठेवल्या होत्या कोण जाणे. जोसीनं ती टोपली पाहिली आणि कोशिन्या घेऊन फिरू लागली.

मग दिवे मालवले, टाळ्यांवर गाणं झालं, मायतेनं मेणबत्त्या विझवल्या. रिवाजाप्रमाणे सुरी खालून वर नेत तिनं केक कापला आणि डोळे मिटून काहीतरी मागितलं.

"पहिला तुकडा कुणाला?" शेजारची दोना जर्सी ओरडली. "अगं सांग, कुणाला?"

सगळं अंगण तेच ओरडू लागलं. जोसी टेबलाच्या उजव्या बाजूला होती, निल्झा मागं, स्वयंपाकघराच्या दाराला टेकून. मायतेनं तुकडा बशीत घेतला, उजवीकडे पाहिलं, जोसीकडे बघून छानसं हसली. जोसीचे हात आपोआप पुढं झाले. मायते तिच्यासमोरून पुढं गेली आणि बशी निल्झाच्या हातात देऊन मोकळी झाली.

सगळ्यांत जोरात टाळ्या जोसीनं वाजवल्या. तळहात लाल होईपर्यंत.

थोड्या वेळानं निल्झानं तिला स्वयंपाकघरात गाठलं. बशीतला तुकडा तसाच होता.

"मी तिला तुझं नाव घोकवलं होतं," निल्झा म्हणाली. "आठवडाभर. आंघोळ घालताना, झोपवताना. पहिला तुकडा आईला, पहिला तुकडा आईला. देवाशप्पथ, जोसी."

"हे सांगायला नको होतंस."

"मला वाटलं, मीच पळवला असं तुला वाटेल."

"तेच बरं होतं," जोसी म्हणाली. "तू पळवला असतास तर बरं होतं."

निल्झानं नळ सोडला आणि परातीला घासणी लावली.

बाहेर पाहुणे निघाले होते. रिकाम्या हातानं कुणाला जाऊ द्यायचं नाही; पोरांना पिशवी आणि मोठ्यांना चांदीच्या कागदात गुंडाळलेली ताटली, घरी राहिलेल्यांसाठी. मायते दाराशी उभी राहून एकेकाला ते देत होती. "आलात, बरं वाटलं हं. पुन्हा या." दोना जर्सीनं हसत हसत तिचा गालगुच्चा घेतला आणि आपल्या नवऱ्यासाठी एक ताटली जास्तीची मागून नेली.

अंगण रिकामं झालं तशी मायते आत आली. तिच्या हातात एक शेवटची ताटली होती. ती जोसीपुढं येऊन उभी राहिली.

"ही तुझी. केक वेगळा गुंडाळलाय, नाहीतर सगळ्याला चिकटतो."

"माझी कशाला?"

"तू जाणार ना? तुझी बॅग भरलेली बघितली मी." मग दाराशी लावला होता तोच शहाणा आवाज लावून ती म्हणाली, "आलीस, बरं वाटलं हं. पुन्हा ये."

जोसीनं ताटली घेतली. आतल्या कोशिन्या अजून कोमट होत्या. मागं निल्झानं नळ बंद केला, पण ती वळली नाही.

"आणि मी गेलेच नाही तर?" जोसीनं विचारलं.

"सोमवारी?"

"सोमवारी. नंतरही."

मायतेनं तिच्याकडे नीट पाहिलं. ही थट्टा आहे का, हे तिला ठरवायचं होतं. जोसी हसत नाहीय, हे पाहून तिनं कपाळाला आठ्या घातल्या, पाय आपटला आणि हात पुढं केला.

"मग दे की परत! ती जाणाऱ्यांसाठी असते. आपण उरलेलं खायचं."

जोसीनं ताटली परत दिली.